नवव्या प्रकरणातलं दार

ता. ३ जून

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकाने आमच्या वाचनालयात नुसता धुमाकूळ घातलाय. दोन्ही प्रती एक दिवस कपाटात टिकत नाहीत. औषधवाले काका म्हणे नववं प्रकरण पाय वर घेऊन वाचत होते, बोटीतलं पाणी खोलीत आलंय असं वाटून! पोस्टातल्या बाईंना दम धरवेना. त्यांनी शेवटचं पान आधी उरकलं आणि मग रडत रडत मधलं वाचलं. लहानपणी झुरळ पाहून पलंगावर चढणारा तू, आता जगाला घाबरवतोस होय रे?

फक्त घड्याळजी अडून बसलेत. नायक लोखंडी दार लावून घेतो आणि पलीकडे पाण्यात अडकलेला सोबती वाजवत राहतो, दोन ठोके, मग जरा थांबून एक. त्यांचं म्हणणं, बुडणारा माणूस असा मोजून वाजवेल का? तो दार बडवेल, किंचाळेल. अख्ख्या पुस्तकात तेवढंच खोटं, असं ते चारचौघांत सांगतात. मलाही पटलं बाई. दुसऱ्या आवृत्तीत तेवढं बदल.

वहिनीने अजून वाचलेलं नाही. दादाला लाटेने ओढून नेलं त्याला सहा वर्षं झाली, तरी समुद्राचं नाव काढलं की ती उठून जाते. तूही तेव्हापासून घरी फिरकला नाहीस. माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते बदलता येणार नाही. मी दार बडवणं लिहून पाहिलं, किंचाळणं लिहिलं, सगळं फाडून टाकलं. कारण वाजवलं होतं ते तसंच.

ताई, लाट वगैरे काही नव्हती. दादा आमच्या बोटीच्या तळाच्या खोलीत पंप दुरुस्त करत होता. पाणी घुसलं. दाराचं चाक माझ्या हातात होतं आणि माझ्या बाजूला चौदा माणसं. मी चाक फिरवलं. तो बराच वेळ वाजवत होता. घरी आलो, वहिनी समोर आली आणि माझ्या तोंडून लाट निघाली. बोटीवरच्यांनीही मला सांभाळून घेत तेच सांगितलं. गोष्ट करून लिहिलं की सुटेन असं वाटलं होतं. लोक पाय वर घेऊन मजेत वाचतात हे तू कळवलंस आणि मी माझी प्रत ट्रंकेत तळाशी टाकली.

वहिनीच्या हाती पुस्तक पडू देऊ नकोस. तुझ्या पाया पडतो. शक्य असेल तर लोभ ठेव.

बंडू


ता. १६ जून

चि. बंडूस,
आशीर्वाद.

उशीर झाला रे. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच औषधवाल्या काकांनी आपली प्रत वहिनीला दिली, दिराचं पुस्तक वाचायलाच हवं म्हणून. पत्र वाचून मी धावत तिच्याकडे गेले. पुस्तक मिटून बाजूला ठेवलेलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाली की भाऊजींना मी स्वतः लिहीन.

तुझ्यावर रागवावं की तुला जवळ घ्यावं, मला कळेना झालंय. दादा माझाही होता रे.

ताई


ता. १९ जून

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

पुस्तक वाचलं. भीती नाही वाटली. दोन ठोके, मग जरा थांबून एक, इथवर आले आणि उठून दार उघडायला गेले. अकरा वर्षं हे कामावरून आले की असंच वाजवायचे. घाई असो, दमलेले असोत, त्यात फरक नाही. कडीला हात लावला तेव्हा कळलं की ही गोष्ट नव्हे. उरलेलं वन्संच्या चेहऱ्यावर वाचलं.

पुस्तकातल्यासारखी माझ्या बाजूला चौदा माणसं असती तर मीही दार लावलं असतं. हे लिहायला मला चार दिवस लागले. पण सहा वर्षं मी त्या लाटेला शिव्याशाप दिले, भाऊजी, आणि तुम्ही देऊ दिलेत. त्याचा राग आहे, फार आहे. तो पत्रात मावायचा नाही.

रविवारी या. समोर बसा, आधी माझं ऐकून घ्या. मग सांगा. पुस्तकात तुम्ही ते दीड पानात आटोपलंत, मला सगळं हवंय. त्यांच्या शेवटच्या वेळी घरचे असे जवळ होतात ते तुम्ही एकटेच.

लोभ आहे. तुटला असता तर बोलावलं नसतं.

तुमची,
वहिनी