पाठ केलेलं रसग्रहण

१२ जानेवारी
शिकवणीच्या सकाळच्या वर्गाची मुद्दाम खोडी काढली. रसग्रहणाच्या सरावासाठी स्वतःच आठ ओळी रचल्या. एक बाई घराला कुलूप लावते, अर्ध्या जिन्यातून परत येते, गॅस बंद आहे ना ते बघते, पुन्हा कुलूप लावते. संपलं. उपमा नाही, यमक नाही, झाडपान नाही. अकराही दहावीवाल्यांना म्हटलं, लिहा.
अकरापैकी दहा वह्यांत : 'कवीने निसर्गाचे मनोहर चित्र रेखाटले असून उपमा अलंकाराच्या समर्पक वापराने काव्याचे सौंदर्य खुलले आहे.'
गॅसच्या शेगडीत निसर्ग!
वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच, माझंच आहे. हा साचा दरवर्षी मीच लिहून देते. वर सांगते, कुठलीही कविता येऊ दे, चालेल.

१३ जाने.
अकरावी वही प्रतीक्षाची. शहराबाहेरच्या मांजरी गावाहून दोन बस बदलून इथे पेठेत येते, मागच्या बाकावर बसते, तोंड उघडत नाही. तीनच ओळी : 'या बाईला गॅसची काळजी नाही. तिला घर सोडून जायचंच नाही. शब्द साधे आहेत, कारण हे ती कुणाला सांगू शकत नाही.'
रचताना मी स्वतः एवढा विचार केला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.
ह्यांना वाचून दाखवलं. "छान. आणि बाकीच्या दहांना काय म्हणालीस?"
"झापलं."
"वा! बावीस वर्षं घोकून कोणी घेतलं?"
रिटायर झाल्यापासून हा माणूस फार खरं बोलायला लागलाय.

१५ जाने.
वर्ग सुटल्यावर प्र.ला थांबवून घेतलं. म्हटलं, साचा सोड. कविता वाच आणि तुला दिसेल ते लिही. चक्क हसली. मलाही दिवसभर उगाच हलकं वाटत होतं.

९ फेब्रु.
शाळेच्या पूर्वपरीक्षेचे पेपर मिळाले. रसग्रहणात प्र.ला चारपैकी एक. शेरा : 'अलंकार, रस यांचा उल्लेख नाही.' बाकीच्यांना तीन-तीन. म्हणजे माझ्या साच्याला तीन, आणि माझ्या सल्ल्याला एक.

११ फेब्रु.
प्र.ची आई आली. खुर्ची पुढे केली तरी उभीच.
"बाई, तुमी सांगितलं तसंच लिव्हलं म्हणती पोरगी."
"हो, मीच सांगितलं होतं."
"तिला हितं शहरातल्या कॉलेजात यायचं हाय. मार्क कमी पडले तर तिचं वडील तिकडंच कुठंतरी घालतील. मग शिकणं झालंच म्हणायचं. मला त्या कवितेतलं काय कळत न्हाय, पण मार्क पडतील असं शिकवा तिला."
मी मान हलवली. त्या बाईचं काही चुकलेलं नव्हतं.

२ मार्च
उद्या बोर्डाचा मराठीचा पेपर. दुपारी प्र.चा फोन. "बाई, उद्या कसं लिहू?"
तीन आठवडे हा प्रश्न टाळत होते. पुस्तकाबाहेरची कविता, तपासणारे कोण असतील कुणास ठाऊक, आणि पणाला माझं काहीच नाही, सगळं तिचं. म्हटलं, "साचा लिही."
"बरं, बाई." ठेवलाच फोन.
वाद घालेल असं वाटलं होतं. घालायला हवा होता. भाजी करपली. ह्यांनी निमूट खाल्ली, म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

३ मार्च
पेपर सुटल्यावर प्र. थेट घरी. खुशीत होती. "बाई, सगळे मुद्दे लिहिले. वर दहा मिनिटं उरली!"
"कविता कशी होती?"
"वाचलीच नाही. साचा कुठल्याही कवितेला चालतो ना."
टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
म्हटलं, आता वाच. प्रश्नपत्रिका उघडून दारातच उभी राहिली. मी चहा टाकायला आत गेले. दोन कप घेऊन बाहेर आले तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती, बोट ठेवून. माझ्याकडे लक्षच नाही. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं तेव्हा म्हणाली,
"बाई, ही चांगली होती हो."
मार्क पडतील तिला बहुतेक. मी नुसता कप पुढे केला.