धुराड्यावरचा पत्रा

आर्वी, ता. ३ जानेवारी १९५६

ती. स्व. दादांस,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

परवाच्या पत्रात वहिनीला बाळंतवात झाला असे मी लिहिले, ते चूक होते. डॉक्टर यायच्या आधीच, आईने सांगितले तसे लिहून टाकले. वात नव्हता, दादा. कोळशाचा वायू होता.

आईने नेहमीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली आणि वारा लागू नये म्हणून खिडकी लावली. निखारे अंगणात फुलवूनच आत आणले होते. धूर नाही म्हणजे भीती नाही, असे आम्ही धरून चाललो. मी शेपा घेऊन गेले तर वहिनी ओ देईना, बाळ रडेना. माझेही डोके गरगरले. बाज ओसरीवर कशी ओढली, आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, या वायूला रंग नाही, वास नाही. जरा उशीर झाला असता तर दोघेही गेली असती.

मग मी खोलीत परत जाऊन वर पाहिले. धुराड्यातून रोज दिसणारा आभाळाचा तुकडा दिसेना! घरमालक पुंडलिकरावांनी वरून पत्रा ठेवून दगड दाबला आहे. माळ्यावर त्यांचा कापूस भरला आहे, म्हणून ठिणगीची भीती. आम्हाला सांगायचे तरी, असे म्हटले तर म्हणतात, माह्या छपराले हात लावाले मी काऊन कोनाले इचारू?

वहिनी आता बोलते, डोके मात्र दुखते. बाळाने काल असा टाहो फोडला की आई रडता रडता हसली.

आमच्यावरची माया आहे तशीच राहो.

शरयू


नागपूर, ता. ६ जानेवारी १९५६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंथरुणातून उठलो आणि भिंत धरून उभाच राहिलो. या मेल्या कांजिण्या नसत्या तर आजच गाडीत बसलो असतो. खपल्या पडेपर्यंत बाळाजवळ येणे नाही. हे पत्रही उन्हात ठेवून मग वहिनीला दाखव.

खोली आपण घेतली ती धुराड्यासकट. ते बंद करायचे तर आधी सांगणे मालकाचे काम होते. पण खिडकी आपणच लावली, तेही विसरू नये. आईला म्हणावे, वाऱ्याने बाळंतीण गारठेल, पण जिवंत राहील. शेगडी बाहेरच ठेवा.

मी येईपर्यंत पुंडलिकरावांशी भांडू नकोस. बाळंतिणीला घेऊन दुसरी जागा कुठे शोधणार? तुझी जीभ मला ठाऊक आहे; शाळेत मास्तरांच्याच चुका काढायचीस. 

तुम्हा सर्वांचा जीव सांभाळ, माझ्यावर लोभ ठेव.

नरहर


आर्वी, ता. ९ जानेवारी १९५६

ती. स्व. दादांस,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, तुमच्यासाठी थांबता येणार नाही. शेजारच्या खोलीतल्या हरिभाऊ मास्तरांनी काल कोळशाचे पोते आणले. त्यांच्या इंदिराबाई शुक्रवारी माहेराहून तान्ह्या लेकराला घेऊन येणार आहेत. मला शंका आली, म्हणून त्यांच्या खोलीत जाऊन वर पाहिले. तिथेही आभाळ नाही. त्या खोलीला तर खिडकीसुद्धा नाही. मास्तरांना सांगितले, तर म्हणाले, मालक नाराज होतील.

पुंडलिकरावांकडे गेले. भांडले नाही, तुमची शपथ. ठिणगीची भीती खरी आहे, असे मीच आधी म्हटले. मग विचारले, पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी बसवली तर धूर जाईल, ठिणगी अडेल, चालेल का? ते म्हणाले, कापूस इकल्यावर पाहू. त्यावर त्यांच्या कौशल्याबाई चुलीजवळूनच म्हणाल्या, तवरोक लेकरू गेलं तं मंग? ते तंबाखू मळत राहिले.

आपल्या दुधाच्या कपाटाची जाळी मी उचकटून ठेवली आहे. आई दूध टोपलीखाली झाकते आणि माझ्या नावाने पुटपुटते; पण वहिनीची खिडकी आता तीच उघडते. दोन धुराड्यांना पुरेल एवढी जाळी आहे. शिडी कौशल्याबाई देणार आहेत. पुंडलिकरावांना मी सांगूनच चढणार, कारण न सांगता छपराला हात लावला की काय होते ते आपण पाहिले. हो म्हणाले तर बरेच. नाही म्हणाले तरी चढणार; मग घर सोडायला लावतील, हे मला कळते.

रागवा हवे तर, पण आशीर्वादाचा हात काढू नका. इंदिराबाई यायच्या आदल्या दिवशी दोन्ही पत्रे उतरवणार: गुरुवारी, १२ जानेवारीला.

शरयू