माझ्या वाट्याची माफी

तू त्या ड्रायव्हरला माफ केलंस हे मला शेजारणीकडून कळलं. मी शर्टाला बटणं लावत बसले होते, तर ती फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, तुमची सून बघा कोर्टात काय बोलली. लाखो लोकांनी पाहिलंय." म्हणजे लाखो लोकांनंतर माझा नंबर लागला. मुलगा माझा होता.

रविवार, उपासनेहून आल्यावर

सूनबाईस सलाम. आता रीतीने लिहिते. गुडघे सोडले तर मी बरी आहे. ठकीचा खोकला गेला का? रात्री तिच्या छातीला शेक देत जा. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण शाळा मी बाहेरूनच जास्त पाहिली, आणि राग आला की अक्षर आणखी वाकडं येतं.

इकडे लोकांना तुझ्याशिवाय विषय नाही. अर्धे तुला देवदूत म्हणतात, अर्धे म्हणतात आतून काहीतरी घेतलं असणार. तू कामाला जातेस त्या दातांच्या दवाखान्यातल्या मुली तुला वेडी म्हणाल्या, असं तू लिहिलंस. त्यांना माझा निरोप सांग. माझ्या सुनेला नावं मी ठेवीन, त्यांनी आपापली दाढ सांभाळावी.

पाळकांनी तर चर्चमध्ये अख्खं प्रवचन तुझ्यावर केलं. आजच्या जगात विश्वास कसा जगावा ते या बहिणीने दाखवलं, म्हणाले. सगळं देऊळ मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. मी चष्मा पुसत बसले. नंतर ते घरी आले. म्हणाले, "आजी, तुमचंही मन आता मोकळं झालं असेल." मी म्हटलं, "पाळकसाहेब, मन मोकळंच आहे. त्यात राहणारा गेला ना." चहा अर्धा टाकून उठले.

आता तुझ्या मागणीचं. माझ्या लेकाच्या वर्षाच्या प्रार्थनेला तो ड्रायव्हर इथे येणार, आणि त्याने आपल्या बाकावर, तुझ्या नि माझ्या शेजारी बसावं, असं तू म्हणतेस. तो दर रविवारी तिकडे तुझ्याबरोबर उपासनेला येतो, हेही कळलं. ठकी त्याला काका म्हणते, हे तू असं लिहिलंस की जणू मी पेढे वाटीन. काका म्हणजे बापाचा भाऊ. मी एकच मुलगा जन्माला घातला.

तो एकच मुलगा शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. एक गाडी मागे मागे आली आणि शिडीच घेऊन गेली. तू म्हणतेस, तो असता तर त्यानेही माफ केलं असतं. केलं असतं. लहानपणी त्याला मारून आलेल्या पोराला तो घरी जेवायला आणायचा. पण तो नाही, तेवढ्यावरच तर सगळं आलंय.

एक खरं सांगते. तू दिखावा करत असतीस तर मला बरं वाटलं असतं. चार शिव्या दिल्या असत्या आणि पोटभर जेवले असते. पण मी तुला ओळखते. नवऱ्याचे रंगाने भरलेले कपडे तू अजून धुतले नाहीस, आणि तरी त्या माणसाला तुरुंगात घालू नका म्हणून उभी राहिलीस. हे तुला फुकट पडलं नाही. म्हणूनच तुझ्यावर नीट चिडताही येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

दर रविवारी प्रभूची प्रार्थना होते. त्यातली माफीची ओळ, आम्ही दुसऱ्याला माफ करतो तसं तू आम्हाला कर, ही आली की मी गप्प राहते. ओठ हलवत नाही. शेजारची बाई खणखणीत म्हणते, तिच्या आवाजात माझं खपून जातं. माणसांत खपतं. वर खपत नाही, एवढं मला कळतं. पण तोंडाने म्हणायचं आणि मनात त्या माणसाचं वाटोळं मागायचं, हे मला जमत नाही. खोटं बोलून मी देवाच्या दारात उभी राहणार नाही. ज्या ओळीवर तू जगतेस, तिथे मी अडले आहे. वय झालं माझं, सूनबाई. असंच अडून मेले तर?

तू त्याला घेऊन माझ्या दारात आली होतीस ना, त्या दिवसाचं सांगते. मी आत जाऊन नळ सोडून भांडी घासत बसले, म्हणून तू रडलीस. तुला वाटलं, मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. बघायचं होतं. पण "आई, याला पस्तावा झालाय", तू बोललीस. "आई, याला झोप लागत नाही", तेही तूच. तो आपले बूट बघत उभा. हात त्याचा आणि तोंड तुझं, हा कुठला न्याय? तुझ्या वाट्याचं तू माफ केलंस, ते तुझं नि देवाचं. माझ्या वाट्याचं तुला देता येत नाही, आणि त्याच्या वतीने मागताही येत नाही.

वकील म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं. सगळ्यांनी मान हलवली. मग लक्ष होतं कुठे? हे कोणी विचारलंच नाही. तूही नाही. तू न विचारता माफ केलंस. मला आधी ऐकायचंय.

तेव्हा बाकाचं मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. गाडी मागे घेताना तो कुठे बघत होता, ते त्याने मला लिहावं. देवाचं नाव मध्ये आणू नये. तू शेजारी बसून सांगू नकोस, त्याच्या चुका सुधारू नकोस. वाकडं अक्षर मला वाचता येतं.

तुझ्या नवऱ्याची आई

उत्तर त्याने द्यायचं. तुझ्या हातचं पाकीट आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन.