किचनपर्यंतची वायर

९ जाने., शुक्र.
मंदारचं कुरिअर आलं. पोटचा मुलगा बंगळूरहून आईला काय पाठवतो, तर अंगठ्याएवढी काडी! टीव्हीच्या मागे खोचायची, की जगातली सगळी गाणी घरात. खोचली. वायफायचा पासवर्ड तिसऱ्या खेपेला लागला. गाणी आली, पण ह्या टीव्हीचा आवाज म्हणजे डब्यात अडकलेली माशी. तसं सांगितलं तर म्हणतो, "साउंडबार पाठवतो. बाबांचं ते धूड भंगारात दे." मग पुन्हा तेच, "आई, तुला एकटीला झेपत नाही हे सगळं. फ्लॅट भाड्याने देऊ, तू इकडे ये." २५ला येतोय. एजंटशी बोलायला.
म्हटलं, धूड आहे तिथेच राहील. त्यालाच काडी जोडून दाखवते.
बोलून बसले. आता जोडणं आलं.

१० जाने., शनि.
ह्यांचा रिसीव्हर, म्हणजे तेच धूड, दोन मोठे स्पीकर जोडून गाणी ऐकायचं. हे जाऊन चौदा महिने झाले, धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. "तुला नाही कळायचं त्यातलं," हे तीस वर्षं ऐकलं. मला! टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर एका वेळी दहा-दहा कॉर्ड सांभाळणारीला!
रॅक पुढे ओढला. मागे वायरींचं रान, पण प्रत्येकीला चिठ्ठी, ह्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात. डावा स्पीकर. उजवा स्पीकर. कॅसेट. एकीवर 'B – किचन'. आमच्या किचनमध्ये स्पीकर कधीच नव्हता. काहीतरी डोक्यात असेल, राहून गेलं असेल.
रिसीव्हरला लाल-पांढरी भोकं. टीव्हीला तसलं एकही नाही. कंबर धरली. आडवी झाले.

१२ जाने., सोम.
आचोळे रोडवरचे रिपेअरवाले यादव. मोबाइलवर दोन्हीच्या पाठीचे फोटो दाखवले. "मावशी, टीव्ही नया, रिसीव्हर पुराना. बीच में ये डब्बी लावा." टीव्हीतून बारीक तारेतून उजेड येतो म्हणे, डबी त्याचा पुन्हा आवाज करते. डबी नि तार घेतली. "लगाने को आऊं क्या?" नको म्हटलं. "अकेले रहते हो ना, नंबर रख लो." बिचारा चांगुलपणानेच बोलला. तरी लागायचं ते लागलंच. नंबर ठेवलाय.

१३ जाने., मंगळ.
सगळं जोडलं. डबीचा दिवा लागला. रिसीव्हरचं बटण AUXवर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये यादवांनी सांगितलं ते PCM. गाणं लावलं.
काही नाही. ठार मुकं.
तीन तास. चहा दोनदा गार.

१४ जाने., बुध. संक्रांत
वड्या केल्या, सवयीने चौघांना पुरतील एवढ्या. वॉचमनला दिल्या, समोरच्या वहिनींना दिल्या. "आलेच हं काकू नंतर." आल्या नाहीत.
मंदारचा मेसेज, 'जमलं का?' आजही गाणं लावलं, स्पीकरच्या जाळीला कान लावून बसले. दाराची बेलही ऐकू आली नसती, इतकी. तशी वाजतेय कुठे.

१८ जाने., रवि.
खाली सोसायटीचं हळदीकुंकू. माइकवरचे उखाणे चौथ्या मजल्यावर सुद्धा स्पष्ट. बोलावणं नाही. मीही माझ्या वेळेला कुणा विधवेला बोलावलं नव्हतं, तेव्हा आता तोंड नाही बोलायला. पण वाईट वाटलं. फार वाटलं.
चारला फिलोमिना आली, उमेळ्याहून, पिशवीभर सुकेळी घेऊन. बोर्डावर माझ्या शेजारच्या खुर्चीत बावीस वर्षं होती. एका जागी बसून माझी खटपट बघितली, मग म्हणाली, "काय गो सुमन, बोर्डावर पहिल्या दिवशी काय शिकवलेलं? लाइन मुकी असली तर?"
"आधीच्या कॉलची कॉर्ड निघालीय का बघायचं."
"मग बघ की!"
रिसीव्हरच्या तोंडावरच हेडफोनची पिन. इतकी वर्षं तिथे आहे की मला ती रिसीव्हरचाच भाग वाटायची. वायर रॅकच्या कडेने खिळ्यावर जाते, तिथे ह्यांचे हेडफोन टांगलेले. फिलोने कानाला लावले. हसली. मग माझ्या कानाला लावले.
गाणं चालू होतं. पाच दिवस मी लावलेलं सगळं त्या खिळ्यावर वाजत होतं.
फिलो पिन काढायला गेली. म्हटलं, राहू दे, मी काढते. उद्या.

२० जाने., मंगळ.
दोन दिवस काढली नाही. का, ते लिहून टाकते.
ह्या फ्लॅटमध्ये आलो त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. आठ तास कानाला हेडसेट, सगळ्या गावाचे हॅलो-हॅलो ऐकून घरी आले तर इथे दणदणीत गाणं. मीच म्हणाले, "घरात तरी माझ्या कानांना सुट्टी द्या." एकदाच बोलले, पण कडू बोलले. दुसऱ्या दिवशी हे हेडफोन घेऊन आले. मला वाटलं, मी जिंकले. मग तीस वर्षं एकाच खोलीत हे आपल्या गाण्यात नि मी माझ्या शांततेत. आता शांतता पोट फुटेस्तोवर आहे.
संध्याकाळी पिन काढली. हॉल भरून आवाज. दचकून कमी केला, जसं कुणी रागावेल. रागावणारी मीच होते.

२१ जाने., बुध.
हॉलमध्ये करमत नाही. आवाज तिथे, मी किचनमध्ये. ती 'B' वायर धरून निघाले. रॅकमागून भिंतीच्या कडेने, चौकटीवरून, रंगाखालून, किचनच्या माळ्यावर. मोठ्या पातेल्यामागे वेटोळं, टोकांना टेप, नि एक चिठ्ठी. 'सुमन ड्यूटीवरून आली की गाणं.'
वायरीवरचा रंग भिंतीला अगदी पहिल्यांदा दिलेला, पिवळा. म्हणजे राहायला यायच्या आधीची. माझ्या त्या वाक्याच्याही आधीची.
स्टुलावरच बसून रडले. वेड्यासारखी. एवढं माळ्यावर ठेवायचं, नि मला सांगायचं मात्र नाही! मी तरी कधी विचारलं म्हणा.
फिलोला फोन. "छोटा स्पीकर आहे का कुठे पडलेला?"

२४ जाने., शनि.
फिलो जुन्या साडीत गुंडाळून एक स्पीकर घेऊन आली, तिच्या भावाचा. "एकच आहे हां. दुसऱ्याचं मांजराने घर केलंय." टेप सोलली, तारा जोडल्या. ती हॉलमध्ये बटणापाशी, मी ओट्यापाशी, पूर्वीसारखं.
"सुमन, लाइन देते!"
"दे!"
B दाबलं. फडताळावरून, मसाल्याच्या डब्यांशेजारून, गाणं. मोठं नाही. कणीक मळता येईल एवढं.
फिलो गेल्यावरही चालू ठेवलं. दोनदा चुकून दोन कप चहा टाकला. प्यायले दोन्ही.

२५ जाने., रवि.
मंदार आला. बॅग ठेवली, हॉलमध्ये ऐकलं, मग आवाजामागे किचनमध्ये आला. वर बघितलं.
"हा कोणी लावला?"
"फिलोने नि मी. वायर तुझ्या बाबांची."
चिठ्ठी दाखवली. वाचून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "पण आई, आजारी-बिजारी पडलीस तर? रात्री-अपरात्री?" त्याचं खोटं नाही. ते मलाही रोज वाटतं. पण तिकडे जाऊन लेका-सुनेच्या घरात गप्प बसून राहावं लागेल, हेही रोज वाटतं.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एजंट, खाली गेटपाशी. मंदारने माझ्याकडे बघितलं. "काय सांगू?"
भाकरी तव्यावर होती.
"होल्ड करायला सांग," म्हटलं, नि भाकरी उलटली.