चपलांची पाटी

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९६

प्रिय अण्णा,

आपल्या कॉम्प्युटरच्या तिन्ही दुकानांवर प्रमुख कोण, हे ठरवायचं तू माझ्यावर सोडलेलंस. तू पाठवलेला वर्तकनगरचा टायवाला फाडफाड इंग्रजी बोलला. मग कोपरची मालू भोईर आली. बारा वर्षं साडीच्या दुकानात विक्री सांभाळलेली बाई. तिने उलट मलाच विचारलं, "ताई, तुमची गिऱ्हाईकं दारातूनच परत का जातात?"

"कोण जातं परत?"

"मी तासभर समोर उभी होते. अकरा जण पाटी वाचून फिरले."

'चपला बाहेर काढा.' धुळीने मशीन बिघडतं म्हणून ती तूच लावलेलीस, आणि मलाही पटलेलं. पण आता मला चैन पडेना. मालूबरोबर मीही समोर जाऊन उभी राहिले. एक काकू आल्या, पाटी वाचली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि चालू लागल्या.

मालू म्हणाली, "टाचांना भेगा असतील. पांढऱ्या लादीवर चारचौघांत कोण दाखवणार?"

अण्णा, उद्घाटनाला आपली आई दारापर्यंत आलेली. "घाई आहे रे, पेढे घरी आण," म्हणत तिथूनच फिरली. आईला आणि घाई! आपण दोघं किती हसलेलो.

मालूला मी नेमलंय. पाटी मात्र आज मीच काढली. तू विचारशील तेव्हा मालूने काढायला लावली, एवढंच सांगेन. आई आता नाही. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही; तिच्या टाचांचं या कागदावरच राहू दे.

तुझी,
मंदा