सदतीस जणींची चांदणी

ता. ४ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या वर्धापनदिनाला माझ्या मुलींची कवायत आहे. मुली सदतीस. दोनच्या, तीनच्या, चारच्या, सहाच्या ओळी लावा, एक उरतेच. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, एकीला वगळ, सहा-सहाच्या सहा ओळी छान दिसतील. कुणाला, ते त्यांनी सांगायची गरजच नव्हती. आमची एक मुलगी डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडे वळते. वर्ग तिला भोवरी म्हणतो. पण सरावाला रोज पहिली हजर तीच. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. काही मार्ग सुचतो का? काकूला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो, पण वाढवलात तर मी नको म्हणणार नाही.

तुमची चिंगी

ता. ७ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि काकूच्या डब्यातून सदतीस वाटाणे टेबलावर घेतले. सदतीस ही मूळ संख्या. ती समान ओळींत बसायची नाही, तेव्हा ओळींचा नाद सोड. एकीला मध्ये उभी कर. तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, त्यांच्याभोवती अठरा. षटकोन झाला, उरलं कुणी नाही.

खरी गंमत पुढे आहे. बाहेरच्या सहा कोपऱ्यांतल्या मुलींनी तेवढं हलायचं. आपल्या उजवीकडच्या बाजूच्या मधोमध जायचं आणि एक पाऊल बाहेर उभं राहायचं. बाकी एकतीस जणी जागच्या जागी. षटकोनाची सहा टोकांची चांदणी होते! छत्तीस असत्या तर मध्येच भोक पडलं असतं, हे बाईंना जरूर सांग.

भोवरीला मध्ये ठेव, तिथे डावं-उजवं नाही. काकू वाटाणे परत मागते आहे, म्हणून आवरतो. माया कमी करू नकोस.

तुझा काका

ता. २९ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाईंच्या टेबलावर मीही वाटाणे मांडले. त्या कोपऱ्यांतले सहा स्वतः सरकवून बघू लागल्या, मग म्हणाल्या, सगळ्यांना घे. भोवरीने मात्र मधली जागा साफ नाकारली. तिला पळायचं होतं. दिला एक कोपरा.

काल वर्धापनदिनाला शिट्टी वाजली आणि ही सगळ्यांच्या आधी सुटली, तीही डावीकडे. समोरून येणारी मुलगी थबकली, आपली जागा गेलेली पाहून गर्रकन उलटी फिरली. तिला पाहून पुढची, मग तिच्या पुढची. सहाही जणी डावीकडून गेल्या आणि चांदणी जशीच्या तशी उमटली. गच्चीवरून बघणारे पालक उठून टाळ्या वाजवत होते. कुणाला काही कळलंच नाही.

भोवरीला अजून वाटतं की ती बरोबर पळाली आणि बाकीच्या पाच जणी चुकल्या.

तुमची चिंगी

ता. १ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

तुझं पत्र काकूला दोनदा वाचून दाखवलं. चाळीस वर्षं फळ्यावर आकडे मांडले, पण एखादा पळताना पाहिला नाही. तो पाहायला आम्ही दोघं गुरुवारी येतो. गच्चीचे तीन जिने सावकाश चढू. मुली पुन्हा करून दाखवतील का, ते विचार. आणि बाईंची हरकत नसेल, तर शिट्टी मी वाजवीन.

तुझा काका