भावजींच्या नावापुढचा ठिपका

तीर्थस्वरूप भावजी यांना,

डोकं जमिनीला टेकवून नमस्कार. (या खेपेस ते खरोखरच टेकलं आहे, कपाळावर टेंगूळ आहे. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा, ताईचा दमा आणि तुम्हां दोघांचा अबोला, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते.

काल संध्याकाळी सहाला दहा मिनिटं असताना तुमचा फोन वाजला, तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि एका बाईने हंबरडा फोडून फोन ठेवला. ती बाई मी. तुम्ही जिवंत आहात हे ऐकून मला रडू फुटलं, त्याचा हा खुलासा.

आमच्या गल्लीतली मंडळी महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या टेकडीवर जातात. गेल्या खेपेस तुम्हीही होता. तीच अर्ध्या तासाची चढण, वर तोच जुना दगडी दरवाजा, आत पन्नास पावलांवर तेच खोल टाकं आणि त्यावरचा कुणालाच न वाचता येणारा लेख. टाक्याला कठडा नाही, म्हणून दरवाजाशी बसणारा पहारेकरी आत जाणाऱ्यांची नावं वहीत उतरवतो आणि बाहेर पडताना एकेकाची सही घेतो. महिनाअखेरीस तो निवृत्त होतोय. एकोणतीस वर्षांत त्याच्या वहीत एक सही राहिलेली नाही की एक खाडाखोड नाही. यादी करायचं काम, अक्षर बरं म्हणून, माझ्याकडे. काल मी मागचीच यादी नेली. (माणसं तीच, तर कोरा कागद कशाला नासायचा?) फक्त तुम्ही नव्हता. पण ताईच्या कुंकवाच्या धन्याचं नाव मी माझ्या हातानं कसं खोडू? म्हणून पुढे एक बारीक ठिपका दिला. ठिपका म्हणजे आले नाहीत, हे मला ठाऊक आणि देवाला ठाऊक. पहारेकऱ्याने अकराच्या अकरा नावं उतरवून घेतली.

परतताना मी मागे राहिले (झाडाखाली जप पुरा करत होते). दरवाजाशी येते तो सगळ्यांचे चेहरे उतरलेले. पहारेकरी वही छातीशी धरून उभा. एक सही कमी. गल्लीतली शिवणवाली मला म्हणाली, "अहो, तुमचे भावजी! टाक्यात वाकून बघत होते, तपकिरी मफलर. मी म्हटलंसुद्धा, काका, जपून." आता भावजी, मफलरसकट सांगितल्यावर माझाही धीर सुटला. वाटलं, ताईशी भांडून सकाळच्या गाडीने गुपचूप आला असाल. तिकडे आमचे हे टाक्यात तोंड घालून तुम्हाला हाका मारत होते, टाकं तीच हाक परत देत होतं, आणि यांना वाटलं, आतून तुम्हीच बोलताय! चपला काढून हे पायऱ्या उतरू लागले. ऊन उतरलेलं, पाणी काळंभोर, आणि यांना पोहता येत नाही हे चौतीस वर्षं मला ठाऊक. मी ओरडत धावले, ठेचकाळले, डोकं दगडाला टेकलं. टेकलेल्या डोक्याला ठिपका आठवला.

यांना सदऱ्याला धरून वर ओढलं, एक पाय भिजलाच. शिवणवालीच्या मोबाइलवरून तुम्हाला फोन लावला. नऊदा वाजला तरी कुणी उचलेना. माझा जीव त्या नऊ घंटांत किती वेळा गेला ते देवच जाणे. मग तुमचं ते चिडकं हॅलो. (शिवणवालीने तुम्हाला वाकताना पाहिलं ते गेल्या खेपेस!)

सगळे हसले. पहारेकरी हसला नाही. म्हणाला, "बाई, ते घरी असतील, पण माझ्या वहीत अजून आतच आहेत." आणि कुलूप हातात घेऊन तिथेच बसून राहिला. त्याचं ते बसणं मला रात्रभर दिसत होतं.

ताईला आशीर्वाद मागितल्याचं सांगावं (बोलत असाल तर).

आपली,
धाकटी मेव्हणी

ता. क. महिनाअखेरीच्या आत या, टेकडी चढा आणि बाहेर पडल्याची सही करा. गुडघ्याची काळजी नको, हे पाठीमागून लोटतील.

दुसरा ता. क. मफलर घरीच ठेवा.

तिसरा ता. क. हे पत्र त्याच यादीच्या पाठीवर लिहिलं आहे. न विसरता सोबत आणा, पुढच्या खेपेला यादी लागेल. ठिपका तेवढा तुम्हीच खोडा. माझ्याच्यानं व्हायचं नाही.